अकरा मिनिटांची बादली

रीडिंग

परदेशाहून परतलेल्या माणसाला लोक विचारतात, काय काय पाहिले? माझे उत्तर ऐकून बहुतेकांची निराशा होते. तीन आठवडे इंग्लंड-वेल्समध्ये राहून मी एकही राजवाडा पाहिला नाही. मी एक बंधारा पाहिला, एक ओढा मोजला आणि ज्याच्यासमोर उभे राहायला मला बावीस वर्षे धीर झाला नव्हता अशा एका माणसाच्या घरी जेवलो. इतका आनंद माझ्या वाट्याला येण्याचे काही कारण नव्हते; तरीही तो आला, म्हणून हे लिहून ठेवतो.

माझी मुलगी मुक्ता रीडिंगला राहते. जावई समीर तिथून रोज ब्रॅकनेलच्या ऑफिसला जातो. मी पोहोचलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी मुक्ताने मला टेम्सच्या काठी नेले. मी भूगर्भशास्त्राचा माणूस. हिमालयातल्या जलविद्युत प्रकल्पांसाठी डोंगर तपासण्यात माझी नोकरी गेली. तेव्हा बापाला काय दाखवावे, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती.

टेम्स पाहून माझ्या मनात प्रथम जे आले ते गर्वाचेच होते, हे कबूल करतो. ही नदी दुपारचे जेवण करून पडल्यासारखी वाहते. ज्याने उमेदीची वर्षे अलकनंदेच्या खोऱ्यात काढली त्याला हिला नदी म्हणताना जीभ अडखळते. तिकडे धौलीगंगा, नंदाकिनी, पिंडर, मंदाकिनी एकीमागून एक येऊन अलकनंदेला मिळतात, आणि देवप्रयागला भागीरथी भेटली की मगच त्या पाण्याला गंगा म्हणायचे. त्या काठांवर दोन माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावे लागते. तळाशी गडगडत जाणाऱ्या दगडांचा आवाज जमिनीतून पायांना कळतो.

पण कॅव्हर्शमच्या बंधाऱ्यापाशी माझा गर्व उतरला. तिथे पाणी जेमतेम माणसाच्या उंचीएवढे खाली पडते, आणि तेवढ्याशा पडण्यावर गावच्या लोकांनी वर्गणी जमवून वीज काढली आहे. मळसूत्राच्या आकाराची दोन मोठी लोखंडी चक्रे तिरकी बसवलेली आहेत. पाणी पात्यांवरून उतरते आणि चक्रे संथ फिरत राहतात. पिवळे जाकीट घातलेल्या एक वृद्ध बाई लांब दांड्याच्या दाताळ्याने जाळीवरचा पालापाचोळा काढत होत्या. मी कोण, हे मुक्ताने त्यांना सांगितले. माझे प्रकल्प केवढे असत, असे त्यांनी विचारले. मी आकडा सांगितला. बाई गंभीरपणे म्हणाल्या की मग आमची सगळी वीज तुमच्या ऑफिसातल्या चहालाच लागली असती. नंतर त्यांनी मला माशांना वर चढण्यासाठी बांधलेली वाट दाखवली, आणि ती दाखवताना त्यांचा चेहरा नातवंड दाखवणाऱ्या माणसासारखा झाला होता. आमच्या अहवालांत माशांसाठी एक परिच्छेद असे. माणसांसाठी दोन.

बाकावर बसल्यावर मुक्ताने थर्मासमधला चहा ओतला आणि सरळ विचारले.

"बाबा, ईस्टरला आम्ही वेल्सला गेलो होतो, तिथल्या शेफने वडिलांचं नाव सोबनसिंह सांगितलं, तुझ्या जुन्या प्रोजेक्टवरचे, आणि मी तुला लगेच फोटो पाठवला. आठवतं? मला वाटलं तू एकदम एक्सायटेड होशील. तू फक्त 'बरं' असा मेसेज केलास. आता परवा आपण त्यांना भेटायला चाललोय तर तू रात्रभर जागा. व्हॉट्स गोइंग ऑन?"

मग तिला सांगितले. बायकोलाही मी इतके पूर्ण कधी सांगितले नव्हते.

आमचा प्रकल्प पिंडरच्या एका उपनदीवर होता. गावाचे नाव लिहीत नाही. अशा प्रकल्पात नदीला मोठे धरण घालत नाहीत. वरच्या अंगाला तिचे पाणी बोगद्यात घेतात, डोंगराच्या पोटातून काही मैल नेतात आणि खाली वीजघरावर सोडतात. पण ज्या डोंगरातून बोगदा जातो त्याच्या अंगावर गावे असतात, आणि ती गावे नदीचे पाणी पीत नाहीत. ती डोंगरातून पाझरणाऱ्या झऱ्याचे पितात. तिथे त्याला धारा म्हणतात. लग्न होऊन आलेल्या मुलीला आधी धारेवर नेतात. ती धारेची पूजा करते, गागर भरून डोक्यावर घेते आणि घरी येते. मग ती त्या गावची.

बोगद्याने धारा आटेल का, हे सांगणे माझे काम होते. त्यासाठी झरा वर्षभर मोजावा लागतो. पद्धत साधी आहे: बादली लावायची, घड्याळ धरायचे, भरायला किती वेळ लागला ते लिहायचे. हे काम आम्ही गावातल्याच सोबनसिंहांना दिले होते. मी स्वतः ऑक्टोबरात मोजले तेव्हा बादली दहा सेकंदांत भरली. सोबनसिंहांच्या वहीत ज्येष्ठातल्या एका दिवसासमोर लिहिले होते: अकरा मिनिटे. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा अकरा मिनिटे.

एका बादलीसाठी कोणी अकरा मिनिटे उन्हात बसेल, हे मला खरे वाटले नाही. हा आकडा घरी बसून लिहिला असणार, असे मी ठरवले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबून स्वतः मोजायला हवे होते, पण अहवालाची घाई होती. मी लिहिले की झरा बारमाही व भरपूर आहे, निरीक्षकाच्या उन्हाळी नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत, कारण निरीक्षक मोजणीच्या जागी हजर नसावा. सोबनसिंहांचे काम गेले. बोगद्याची रेषा बदलली नाही. दुसऱ्या वर्षी खोदाई गावाखाली आली, बोगद्यात पाणी फुटले, आणि वर धारा बंद झाली. सोबनसिंहांचा आकडा खरा होता: उन्हाळ्यात ती धारा एका बारीक भेगेवर जगत होती.

मुक्ताने थर्मासचे झाकण फिरवून घट्ट लावले. मग एवढेच म्हणाली, "हे तू मला नाही, त्यांना सांगायचं आहेस."

कॉन्वीचे खोरे

गाड्या बदलत आम्ही उत्तर वेल्समध्ये शिरलो. शेवटची गाडी दोनच डब्यांची होती आणि नदीला इतकी लगटून जात होती की खिडकीतून गळ टाकता आला असता. पाट्यांवर वरती वेल्श, खाली इंग्रजी. वेल्श नावे मुक्ता मोठ्याने वाचायचा प्रयत्न करी आणि समोरची दोन शाळकरी पोरे हसू दाबत तिला उच्चार शिकवीत.

बेटुस-ई-कोएडच्या फलाटावर सोबनसिंह उभे होते. डोक्यावर पहाडी टोपी, अंगात मुलाचा भलामोठा रेनकोट. मी हात जोडले. त्यांनी मला पायापासून वरपर्यंत पाहिले.

"साहेब, केस कुठे ठेवून आलात?"

आमचे बोलणे हिंदीत झाले. इथे ते मराठीत देतो आहे. त्या एका वाक्याने फलाटावरच मुक्ता त्यांच्या बाजूची झाली. रस्ताभर ते तिला मी तरुणपणी पहाडी चढणीवर कसा बसत-उठत चढत असे, ते साभिनय सांगत होते. मला मात्र त्यांचा प्रत्येक विनोद टोचत होता. ते रागावलेले असते तर सोपे झाले असते.

त्यांचा मुलगा दिनेश गावातल्या एका हॉटेलात शेफ आहे. गढवालची कितीतरी मुले अशी जगभरच्या स्वयंपाकघरांत आहेत. हॉटेलात तो गोऱ्यांना टिक्का करून घालतो. घरी वडिलांनी बेत सांगितला होता. भात, काफली म्हणजे पालकाची पातळ भाजी, आणि गहतची डाळ. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. गहत म्हणजे आपले कुळीथ. आमच्या घरी पिठले होई, इथे अख्ख्या दाण्यांची डाळ होती, पण वास तोच. मी तसे म्हणालो तर सोबनसिंह खूश झाले. गहत मुतखडा फोडते, त्यांनी माहिती दिली. पूर्वी तर मोठा खडक फोडायचा असला की तो तापवून त्यावर गहतचे कढत पाणी ओतीत. "तुमच्या कंपनीने उगीच सुरुंग आणले," ते म्हणाले, आणि माझ्या ताटात आणखी एक पळी डाळ वाढली.

ती बोलायची वेळ होती. मी डाळ खाल्ली आणि बोललो नाही.

त्यांना वेल्स फार आवडले होते. कारण छपरे. इथली घरे पाटीच्या दगडाने शाकारलेली आहेत आणि गढवालची जुनी घरेही तशीच. तिथे त्या दगडाला पठाल म्हणतात. संध्याकाळी त्यांनी आम्हाला गावभर फिरवून कोणत्या घराचे छप्पर नीट बसले आहे आणि कोणाचे गळणार, ते दाखवले. घरमालकांना हे ठाऊक नव्हते हे बरे.

दुसऱ्या दिवशी दिनेशने गाडी काढून आम्हाला लानबेरिसला नेले. तिथल्या डोंगराच्या पोटात एक मोठे वीजघर आहे. मागणी नसेल तेव्हा पाणी वरच्या तळ्यात चढवून ठेवतात, आणि सगळा देश एकदम चहाचे आधण ठेवतो तेव्हा ते खाली सोडतात. आम्ही बाहेरूनच, तळ्याच्या काठावरून पाहिले. सोबनसिंहांनी विचारले की या डोंगरावर कोणाची धारा आहे काय. मला माहीत नव्हते. "तुम्हालाही माहीत नाही," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखर आश्चर्य वाटले होते. तरीही माझा चेहरा उतरला असावा, कारण मुक्ताने पाठीमागून माझा हात दाबला.

ओढा

एप्रिलपासून सोबनसिंह मुलाकडे होते. रिकामे बसवेना म्हणून डोंगरावर फिरू लागले, आणि फिरता फिरता त्यांना गावाचा ओढा सापडला. त्याच सुमारास गावातले काही लोक त्या ओढ्यावर छोटे टर्बाइन बसवायचे ठरवत होते. त्यांची प्रमुख निया, निवृत्त शिक्षिका, हिने एक दिवस पाहिले की पहाडी टोपी घातलेला एक माणूस पाटीच्या दगडावरून पडणाऱ्या ओढ्याखाली बागेतला प्लॅस्टिकचा टब धरून घड्याळ पाहत बसला आहे. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तिने वही मागितली, त्यांनी दाखवली. त्या दिवसापासून सोबनसिंह त्या प्रकल्पाचे मोजणीदार झाले. रोज सकाळी मोजणी, मग नियाच्या घरी चहा.

तिसऱ्या सकाळी ते मला ओढ्यावर घेऊन गेले. वाट मेंढ्यांच्या कुरणातून होती. हिरव्या मखमलीसारखी दिसणारी एक सपाट जागा पाहून मी जवळची वाट धरली, आणि गुडघ्यापर्यंत दलदलीत गेलो. पाय निघाला, बूट निघाला नाही. सोबनसिंहांनी काठीने बराच शोध घेतला. मग हसून खाली बसले.

"साहेब, पाणी कुठे आहे ते तुमच्या पायांना बरोबर कळतं."

मोजे पिळून मी त्यांची वही उघडली. तेच अक्षर. तारखा, वेळ, सेकंद. आणि ऑगस्टमधल्या एका पानावर माझे बोट थांबले. टब भरायला चार मिनिटे. दोन दिवसांनी दीड मिनिट. मधल्या रकान्यात लिहिले होते: पाऊस नाही. पाऊस नाही तर पाणी वाढले कसे? आणि मला स्पष्ट जाणवले की माझ्या मनात तोच जुना माणूस उठून बसला आहे. हे पान घरी बसून लिहिले असेल, तो म्हणत होता. बावीस वर्षांच्या पश्चात्तापाने तो मेला नव्हता. नुसता झोपला होता.

या वेळी मी विचारले.

सोबनसिंहांनी वरच्या कुरणाकडे हात केला. तिथला शेतकरी ओढ्याचे पाणी पाइपाने मेंढ्यांच्या हौदात घेतो. त्या आठवड्यात त्याने मेंढ्या खाली आणल्या आणि पाइप बंद केला. तेवढे पाणी परत ओढ्यात आले. पान उलटल्यावर मागे तसे लिहिलेलेही होते, मेंढीचे एक लहानसे चित्र काढून. चित्र नियासाठी.

हे विचारायला मला अर्धे मिनिट लागले.

सभा

त्याच संध्याकाळी गावच्या सभागृहात बैठक होती. बारा ब्रिथ नावाचा मनुकांचा पाव, लोणी आणि मोठ्या किटलीत चहा. दहा-बारा माणसे. माझा दुसरा बूट निरुपयोगी झाल्याने दिनेशने मला त्याच्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या, जाड, रबरी चपला दिल्या होत्या. त्या चालताना बदकासारख्या वाजत. हिमालयातले तज्ज्ञ म्हणून नियाने माझी ओळख करून दिली तेव्हा सगळ्यांनी आदराने आधी माझ्या चेहऱ्याकडे आणि मग पायांकडे पाहिले.

मग तिने प्रश्न केला. टर्बाइन किती मोठे घ्यायचे, हे या वहीवर ठरणार आहे. सगळ्यांची वर्गणी त्यात आहे. या नोंदींवर विसंबावे का?

सोबनसिंह माझ्या शेजारी बसले होते आणि मुक्ता त्यांना हळू आवाजात हिंदीत सांगत होती. मी उभा राहिलो. पुण्याहून पाठ करून नेलेली वाक्ये माझ्याकडे होती. त्यांतले एकही आठवले नाही.

"विसंबा," मी म्हणालो. "माझ्यासारख्याने शंका काढली तरी विसंबा. बावीस वर्षांपूर्वी या माणसाने मला एका झऱ्याचा खरा आकडा दिला होता. तो मला गैरसोयीचा होता, म्हणून मी लिहिले की हा माणूस जागेवर नव्हता. त्यांची नोकरी गेली आणि त्यांच्या गावाचे पाणी गेले. चूक त्यांच्या वहीत नव्हती. माझ्या अहवालात होती."

मुक्ताने त्यांना शब्दन् शब्द सांगितला. सोबनसिंह समोरच्या पावाकडे पाहत राहिले. मग मागच्या बाकावरचा शेतकरी, तोच मेंढ्यांचा मालक, घसा साफ करून म्हणाला की मग टर्बाइन वहीतल्या सगळ्यात वाईट दिवसाला धरून घेऊ या का? मी म्हणालो, होय, तसेच घ्या. नियाने ते लिहून घेतले आणि सोबनसिंहांच्या कपात चहा ओतला.

परतताना मी त्यांना खिशातले पत्र दिले. त्यात हेच सगळे हिंदीत लिहून खाली सही केली होती. गावाने धारेसाठी पुन्हा अर्ज केला तर उपयोगी पडावे म्हणून. त्यांनी दिव्याखाली थांबून दोनदा वाचले, घडी केली आणि आतल्या खिशात ठेवले.

"चांगलं लिहिलंत," ते म्हणाले. "आणि आत्ता बोललातही चांगलं. पण साहेब, ज्यांना सांगितलंत त्यांनी मला कधी खोटं मानलंच नव्हतं."

मी काय करू, असे विचारले.

"सकाळी बिमलाला फोन लावतो. तिच्याशी बोला."

बिमलादेवी त्यांच्या पत्नी. सून म्हणून गावात आल्या तेव्हा त्यांनी ती धारा पुजली होती. धारा गेल्यावर शेजारच्या डोंगरावरून नळ येईपर्यंत चार वर्षे त्यांनीच खालून गागरी वाहिल्या होत्या. सकाळी नऊला, म्हणजे तिकडच्या दुपारी, फोनच्या पडद्यावर अंगण दिसले, वाळत घातलेली मिरची दिसली आणि तीन-चार बायका. सोबनसिंहांनी फोन मीठदाणीला टेकवून टेबलावर उभा केला. दिनेश चुलीपाशी उभा राहिला. मुक्ता माझ्यामागे.

या वेळी मला शब्द शोधावे लागले नाहीत. धारा कशी आटली, तिचा खरा आकडा कोणी दिला होता आणि तो कोणी खोडला, हे मी सांगितले आणि माफी मागितली. अंगणातल्या एका तरुण बाईने विचारले की आता तुम्ही म्हणता, तेव्हा का नाही म्हणालात? मी म्हणालो की भीती वाटली, नोकरीची. तिने मान हलवली. ते उत्तर तिला पटले नाही आणि पटायलाही नको होते. दुसरी म्हणाली की ज्येष्ठात इकडे या, बादली आम्ही देऊ. सगळ्या हसल्या. मी येतो म्हणालो. तिकीट मी काढले आहे.

बिमलादेवी मात्र हसल्या नव्हत्या. त्या पदराने हात पुसत पडद्याच्या अगदी जवळ आल्या, इतक्या की त्यांचे कपाळ आणि डोळेच दिसू लागले. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

"दिनेशच्या बाबा, मीसुद्धा तुमचं खरं मानलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "साहेबाने लिहिलंय म्हटल्यावर मला वाटलं, हे चहाच्या दुकानात बसूनच आकडे लिहीत असतील. कितीदा बोलले तुम्हाला. तुम्ही तिथेच होतात तर."

सोबनसिंहांनी टोपी काढली, पुन्हा घातली. फोन उचलून आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि तो आम्हा सगळ्यांना नीट ऐकू येईल असा टेबलाच्या मधोमध ठेवला.

"बिमला, लाइन फार खराब आहे," ते म्हणाले. "काही ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा सांग."